संमिश्र कोंबडीची ओळख : अंगावरील लक्षणे आणि त्यांचा अर्थ

हुबळीतील दुर्गदबैल ही जुनी, गजबजलेली बाजारपेठ. अशा बाजारपेठेत किंवा तालुक्याच्या आठवडे बाजारात डालग्यातील कोंबडी ‘अस्सल गावठी’ वा ‘अस्सल कडकनाथ’ म्हणून पुढे केली जाते, तेव्हा ग्राहकाने कशावर विश्वास ठेवावा? परसात दहा-बारा पक्षी पाळणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गावठी समजून घेतलेली तलंग पुढे खुडूक बसलीच नाही, तर घरची पैदास थांबते. म्हणून पक्ष्याच्या अंगावरील आनुवंशिक लक्षणे वाचता येणे उपयुक्त ठरते.

तुरा

मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरून शोधलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच दाखवून दिले. करवतीसारखा एकेरी तुरा व्हाइट लेगहॉर्नमध्ये आढळतो. असील जातीचा तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा, बुटका व तीन ओळींचा असतो. शेंगतुरा हा एकेरी तुऱ्यावर प्रभावी आहे. त्यामुळे एकेरी तुऱ्याच्या कोंबडीला शेंगतुऱ्याचे पिलू झाले, तर तो गुण बापाकडून आला असे निश्चित समजावे. याउलट, शेंगतुऱ्याच्या जोडीला एकेरी तुऱ्याचे पिलू होऊ शकते. कारण हा गुण दोघांच्याही अंगी दडून राहिलेला असू शकतो.

पिसे आणि मान

व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी आहे. तिच्या संकरातील पिले बहुधा पांढरीच निघतात. मात्र अंगावर तुरळक काळे ठिपके दिसल्यास मिश्रणाची शंका घ्यावी. उघड्या मानेच्या कोंबड्यांत मानेच्या पुढील बाजूस पिसांचा झुबका असेल, तर तो गुण सामान्यतः एकाच पालकाकडून आलेला असतो. दोघांकडून आल्यास मान जवळजवळ पूर्ण उघडी असते.

प्लायमाउथ रॉक जातीच्या पट्टेरी कोंबडीचा ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याशी संकर केल्यास पट्टे केवळ नर पिलांत उतरतात. अशा नर पिलाच्या डोक्यावर जन्मतःच फिकट ठिपका असतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात.

कातडी आणि पाय

मध्य प्रदेशातील झाबुआ भागाच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काळी पिसे म्हणजे कडकनाथ, ही समजूत मात्र चुकीची आहे. चोच उघडून जीभ व टाळू पाहावा, पिसे बाजूस सारून कातडी पाहावी, तुरा व पाय तपासावेत. मिश्र पक्ष्यात काळेपणा येतो, परंतु तो बहुधा अपुरा असतो. कोठेतरी गुलाबी वा फिकट भाग राहतो.

लक्षणांची मर्यादा

अंगावरील लक्षण पूर्वजाची खूण देते. रक्ताचे प्रमाण सांगत नाही. तसेच ते अंड्यांची संख्या किंवा खुडूक बसण्याची वृत्तीही सांगत नाही. हा भेद गिरिराज व वनराज यांसारख्या सुधारित पक्ष्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात, तर वनराज हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झाला. रंगीत पिसांमुळे ते दिसण्यात गावठी पक्ष्याजवळ जातात. पण या कोंबड्या बहुधा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबविता येतात. तथापि संकरित पक्ष्यांच्या पुढील पिढीत गुण विखुरतात. रंग आईसारखा आला तरी वाढ व अंडी तशीच मिळतील याची खात्री नसते.

यासाठी काय करावे?

पैदाशीसाठी पक्षी घेताना एकाच खुणेवर निर्णय न करता तुरा, कातडी, पाय व पिसे एकत्र पाहावीत. शक्य तेथे आईबाप पाहावेत. घरच्या पिलांचे तुरे व रंग वहीत नोंदवावेत. शाळेत शिक्षकांनी अशा नोंदी मुलांकडून करवून घेतल्यास आनुवंशिकतेचा पाठ परसातच शिकविता येईल. उबवणीसाठी दोन-तीन खात्रीच्या गावठी कोंबड्या राखाव्यात आणि सुधारित पिले दर खेपेस अधिकृत केंद्रातूनच आणावीत. गावठी व सुधारित पक्षी दोन्ही उपयोगी आहेत. मात्र घेताना कोणता पक्षी कशासाठी घेतला, हे घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.