मुखवट्यांचे शहर आणि राखेचा बुधवार

राखेचा बुधवार जवळ आला की वर्तमानपत्रांत कार्निव्हलची छायाचित्रे दिसू लागतात. आपल्यापैकी बहुतेकांना कार्निव्हल म्हटले की गोवा आठवतो. चित्ररथ, बॅण्ड, किंग मोमो हे सारे तिथे १९६५ पासूनचे. त्याआधीचा गोव्यातला ‘इंत्रूज’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगावर पीठ नि पाणी उडविण्याचा गावठी सण होता. आज आपण माहिती घेणार आहोत ती त्याहून पुष्कळ जुन्या कार्निव्हलची, इटलीतील व्हेनिस शहराच्या. पादुआला संत अंतोनीच्या समाधीचे दर्शन घ्यायला आपल्याकडचे भाविक जातात. तेथून व्हेनिस आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर आहे. प्रवास फेब्रुवारीत पडला तर प्रश्न येतो : हा मुखवट्यांचा उत्सव पाहावा का? उपवासकाळाच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती माणसाला ते शोभते का?

उत्तर देण्यापूर्वी कार्निव्हल या शब्दाकडे पाहू. ‘मांस बाजूला ठेवणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून तो आला, असे सर्वसाधारणपणे मानतात. पूर्वी उपवासाच्या चाळीस दिवसांत मांसच काय, अंडी, लोणी, चरबीही वर्ज्य असे. घरातले हे जिन्नस मंगळवारपर्यंत संपवायचे, म्हणून त्या दिवसांत तळणीचे पदार्थ. व्हेनिसमध्ये आजही या काळात मिठाईच्या दुकानांत ‘फ्रितोले’ मिळतात. बेदाणे घातलेले, साखरेत घोळवलेले ते गोळे पाहून आम्हाला आपल्या लग्नघरातील फुग्यांची आठवण झाली. थोडक्यात, बुधवारच नसता तर मंगळवारही नसता. हा उत्सव उपवासकाळाच्या पोटी जन्मला आहे.

व्हेनिसमध्ये या काळातील सार्वजनिक करमणुकीचा उल्लेख १०९४ च्या कागदपत्रात सापडतो, तर १२९६ मध्ये तेथील सेनेटने राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी अधिकृत सुट्टी जाहीर केली. त्यातली एक प्रथा ऐकून आपल्याला थोडे हसू येईल, थोडा संकोचही वाटेल. ११६२ साली आक्विलेया येथील धर्मप्रमुख उल्रिक याने शेजारच्या ग्रादो शहरावर स्वारी केली. व्हेनिसच्या सैन्याने त्याला त्याच्या बारा धर्मगुरूंसह पकडले. सुटकेची अट अशी की दरवर्षी एक बैल व बारा डुकरे व्हेनिसला पाठवावीत. कार्निव्हलच्या गुरुवारी ती जनावरे चौकात, सर्वांसमक्ष मारली जात. बैल कोण आणि डुकरे कोण, हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे! धर्मगुरूच तलवार घेऊन निघाले तर लोक त्यांची आठवण अशीही ठेवतात.

आता मुखवट्यांविषयी. तो खरा विषय आहे. व्हेनिसचा सर्वांत प्रसिद्ध वेष ‘बाउता’ : पांढरा मुखवटा, तिकोनी टोपी, डोक्याखांद्यांवरून काळे वस्त्र आणि लांब झगा. मुखवट्याचा वरचा ओठ पुढे आलेला असल्यामुळे तो न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदले. हा वेष पुरुषही घालीत, स्त्रियाही. सरदार कोण आणि त्याचा नोकर कोण हे कळण्यास मार्ग नसे, म्हणून रस्त्यात भेटेल त्याला ‘नमस्कार, मुखवटेबाई!’ एवढेच म्हणायचे. जन्मावरून माणसाची जागा ठरविणाऱ्या त्या समाजात गरिबाला ही केवढी मोकळीक! आम्हाला या प्रथेतला हा भाग मनापासून आवडतो.

पण दुसरी बाजूही पाहा. ‘मोरेत्ता’ नावाचा स्त्रियांचा एक मुखवटा होता. काळ्या मखमलीचा, गोल, तोंडाच्या जागी छिद्रच नाही. आतल्या बाजूला बसविलेले बटण दातांत धरून तो सांभाळायचा. म्हणजे मुखवटा चेहऱ्यावर असेतोवर बाईने बोलायचे नाही. तो मोठ्या डौलाने मिरविला जाई, परंतु संग्रहालयातील जुन्या चित्रात तो पाहताना आमचे मन काही प्रसन्न झाले नाही.

मुखवट्याआड काय चाले हे कायद्यांवरून समजते. १३३९ मध्ये मुखवटा घालून रात्री फिरण्यास बंदी झाली. १४५८ मध्ये पुरुषांनी वेष बदलून मठांत शिरण्यास मनाई करावी लागली. १६०८ च्या हुकुमाने कार्निव्हलचा काळ सोडून इतर वेळी मुखवटा घालणाऱ्यास तुरुंग, जहाजावर वल्ही मारण्याची शिक्षा आणि दंड ठरविला. एवढे करूनही अठराव्या शतकापर्यंत मुखवट्याचे दिवस वाढत गेले. शरद ऋतूत काही आठवडे, संत स्तेफनच्या सणापासून उपवासकाळापर्यंत, पुन्हा स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास; जवळजवळ अर्धे वर्ष! १६३८ मध्ये सरकारने स्वतःच ‘रिदोत्तो’ हा जुगारअड्डा उघडला आणि तिथे खेळणाऱ्यांना मुखवटा सक्तीचा केला. कित्येक घराणी तिथे धुळीस मिळाली आणि शेवटी १७७४ मध्ये सरकारलाच तो बंद करावा लागला. आमच्या मते व्हेनिसच्या कार्निव्हलची खरी हानी इथे झाली. थोड्या दिवसांपुरता घातलेला मुखवटा गंमत असते. सहा महिने घातला की ती सवय होते.

ख्रिस्तसभेने या दिवसांना केवळ शिव्याशाप दिले नाहीत, ही गोष्ट आपण लक्षात घ्यावी. इटलीतच, माचेराता या गावी १५५६ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी कार्निव्हलच्या दिवसांत चाळीस तासांची आराधना ठेवली. बाहेर गोंगाट चालू द्या, आत दिवा तेवत राहील, असा तो मार्ग होता.

मुखवट्याचा आपल्या श्रद्धेशी आणखी एक संबंध आहे, तो शब्दांचा. राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील वाचन असते. दान, प्रार्थना, उपवास लोकांना दाखविण्यासाठी करू नका, असे प्रभू येशू तिथे सांगतो. त्यात ज्यांना आपण ‘ढोंगी’ म्हणतो त्यांच्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘हिपोक्रितेस’. त्याचा अर्थ रंगभूमीवरचा नट, आणि ग्रीक नट मुखवटा घालूनच रंगमंचावर येत. उलट लॅटिनमध्ये मुखवट्याला ‘पर्सोना’ म्हणत, आणि तोच शब्द ख्रिस्तसभेने पवित्र त्रैक्यातील पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींसाठी घेतला. चेहरा झाकणाऱ्या वस्तूचे नाव व्यक्तीच्या खऱ्या अस्तित्वाचे नाव झाले.

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले आणि मुखवट्यांवर बंदी आली. पुढे हा उत्सव जवळजवळ विस्मरणात गेला. आज दिसतो तो १९७९ पासून नव्याने उभा केलेला आहे. तो पर्यटनासाठी आहे हे उघड आहे, पण त्यात खोटे असे काही नाही. कागदाचे थर साच्यात चिकटवून, वाळवून, रंगवून मुखवटे करणारे कारागीर त्यामुळेच पुन्हा उभे राहिले. आम्ही एका छोट्या दुकानात काम पाहत बराच वेळ थांबलो. कारागिराने सांगितले, मुखवटा उलटा करून पाहा. आतून कागद दिसला तर हाताचे काम, गुळगुळीत प्लास्टिक दिसले तर बाहेरून आलेला माल.

त्या दुकानात लांब चोचीचा मुखवटाही टांगलेला होता. सतराव्या शतकात युरोपातील काही वैद्य प्लेगच्या साथीत चोचीत सुगंधी वनस्पती भरून असा मुखवटा घालीत. १६३०-३१ च्या प्लेगात व्हेनिसची जवळजवळ एकतृतीयांश वस्ती गेली. पवित्र मरियेला नवस करून बांधलेले ‘सालुते’ चर्च त्याच साथीची आठवण आहे. पर्यटक ती चोच लावून हसत फोटो काढतात. पण २३ फेब्रुवारी २०२० रोजी करोनामुळे कार्निव्हल दोन दिवस आधीच थांबवावे लागले, मिस्साही बंद झाले, आणि त्या वर्षी व्हेनिसच्या भाविकांना चर्चमध्ये जमून राख घेता आली नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शहरात मोटारी नाहीत. पायी किंवा बोटीने फिरावे लागते. थंडी बोचरी असते आणि भरतीचे पाणी कधीकधी चौकात येते, तेव्हा जाड मोजे, चांगले बूट हवेत. या दिवसांत हॉटेले फार महाग होतात, म्हणून मेस्त्रे येथे राहून आगगाडीने ये-जा करणे बरे. शनिवार-रविवारची गर्दी वृद्धांना झेपणारी नाही. सुंदर वेष केलेली मंडळी पहाटे, सूर्य उगवताना संत मार्कच्या चौकात येतात. त्यांचा फोटो काढण्यापूर्वी मान हलवून विचारावे, तीही मान हलवूनच होकार देतात. रात्रीच्या खासगी मेजवान्यांची तिकिटे विकणारे भेटतील. त्यात पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तर पाहावा का? जरूर पाहावा, पण मंगळवारी रात्री सामान आवरून निघू नये. बहुतेक प्रवासी कंपन्या नेमके तेच करतात. बुधवारी सकाळी आम्ही पाहिले तेव्हा चौक रिकामा होता. सफाई कामगार रंगीत कागदांचे कपटे झाडून हातगाड्यांत भरीत होते. तो कचरा पुढे होडीतून जातो. संत मार्कच्या महामंदिरात प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना तिकीट लागत नाही, बाजूच्या दाराने आत सोडतात. मिस्सा इटालियनमध्ये, परंतु क्रम आपलाच. आपल्याकडे कपाळावर राखेचा क्रूस काढतात. तिथे धर्मगुरू चिमूटभर राख डोक्यावर शिंपडतात, त्यामुळे बाहेर पडल्यावर कुणाच्या कपाळावर काही दिसत नाही. आमच्यापुढे रांगेत एक तरुणी होती. तिच्या कानाजवळ आदल्या रात्रीचा सोनेरी रंग थोडा राहून गेला होता. तिने मान वाकवली, राख घेतली आणि बाकावर जाऊन गुडघे टेकले. मिस्साच्या वेळा आदल्या दिवशीच चर्चच्या दारावर पाहून ठेवाव्यात.