धीर द्यायचा, पण कधी?



या वेळच्या पाठात पंचसूत्री नाही की हिशोबाची वही नाही. गटातल्या बाईशी धीराचे दोन शब्द कधी बोलायचे, एवढंच बघू.

जून-जुलैत बियाणं, खत, पोरांच्या वह्या असा सगळा खर्च एकदम येतो आणि एखादीचा हप्ता थकतो. बैठकीत सचिव ताई नाव वाचतात, ती मान खाली घालते. तेवढ्यात कुणीतरी प्रेमानंच म्हणतं, "अगं होईल नीट, टेन्शन नको घेऊ." शब्द चांगलेच आहेत. पण बारा-पंधरा जणींसमोर ते ऐकताना तिच्या मनात एकच येतं, माझं सगळ्यांना कळलं. पुढच्या बैठकीला ती बचत पोरीच्या हातानं पाठवते. त्याच्या पुढं तीही येत नाही. गट मोडायला भांडणच लागतं असं नाही.

हेच आदल्या दिवशी शेतातून येताना, दोघीच असताना बोला. "उद्या हप्ता जमेल का गं? नाही जमला तरी ये, आपण दोघी मिळून सांगू." मग बैठकीत ती स्वतःच तोंड उघडते. गटाला मुदत वाढवून देता येते, फक्त तसा ठराव इतिवृत्तात लिहायचा. घरात आजारपण असेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधीचं विचारायचं. नुसता धीर देऊन हप्ता भरला जात नाही, हेही खरंच. आणि सासू किंवा नवरा समोर असताना कर्जाचा विषय काढू नका. कधी कधी घरात माहीतच नसतं.

दुःखाच्या घरी तर आणखी जपून. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा बोलू नका, भाकरी नेऊन द्या. पाहुणे गेले की घर खायला उठतं. तेव्हा जा. (समाजकार्याच्या अभ्यासात आम्ही हे शिकलो, पण गावातल्या आजीबायांना ते आधीपासून ठाऊक आहे.)

नवीन अध्यक्ष पहिल्यांदा बँकेत जाणार असेल, तर "तुला जमेल" हे आदल्या संध्याकाळी पासबुक, ठराव, शिक्का पिशवीत भरताना बोला. काउंटरवर ती सही करत असताना मधे बोलू नका, हात आणखीनच थरथरतो. कौतुक मात्र त्याच दिवशी, आणि नेमकं: "साहेब उद्या या म्हणाले तरी तू खाते उतारा घेऊनच उठलीस." नुसतं "छान केलंस" लगेच विसरलं जातं. महिन्यानंतर केलेलं कौतुक म्हणजे वरातीमागून घोडं.

एका ठिकाणी मात्र वेळ बघत बसायचं नाही. कुणी "आता जगून काय करू" असं बोलली, तर गंमत समजू नका, उपदेशही करू नका. तिच्याजवळ बसा, ऐका, एकटी सोडू नका. फवारणीचं औषध तिच्या हाताशी राहणार नाही असं बघा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं, अडचणीत असताना मला कुणाचं बोलणं लागी पडलं, आणि ती कधी बोलली होती. लिहायचं काही नाही. ज्यांना सांगायचं नसेल त्यांना आग्रह नको.