रस्त्यालगतचं घर आणि घरातली हवा



हवेचं प्रदूषण हा घटक शिकवताना मी दरवर्षी मुलांना एक साधा प्रयोग देते. पोस्टकार्डाएवढ्या दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावायचा. एक पुठ्ठा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचा, दुसरा घरात आतल्या बाजूला. आठवड्याने दोन्ही वर्गात आणायचे. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, आमची खिडकी तर बंदच असते, मग आतला पुठ्ठा काळा का झाला?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी स्वतः पुण्यात रहदारीच्या रस्त्यालगत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि माझ्या मुलाला दर हिवाळ्यात रात्रीचा खोकला असतो. तेव्हा हा प्रश्न माझाही होता.

आधी एक खुलासा. पुठ्ठ्यावर दिसते ती जाड धूळ. ती बहुतेक नाकातच अडकते. खरा त्रास देतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५. आपल्या केसाच्या जाडीत असे जवळजवळ तीस कण शेजारी शेजारी मावतील. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही तर रक्तातही उतरतात. भारताच्या मानकानुसार त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुफ्फुसं अजून वाढत असतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. लंडनमध्ये एला किस्सी-डेब्रा ही दम्याची मुलगी साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून जेमतेम पंचवीस-तीस मीटरवर राहत होती. २०१३ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. ब्रिटनमध्ये अशी नोंद पहिल्यांदाच झाली.

आता घराकडे वळू. खिडक्या कायम बंद ठेवणं हा उपाय नव्हे. चार माणसं एका बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सकाळी डोकं जड होतं, शिवाय स्वयंपाकाचा धूर आतच फिरतो. प्रश्न आहे तो कोणती खिडकी, कधी उघडायची याचा. हिवाळ्यात सकाळी आणि रात्री थंड हवा जमिनीलगत दबून राहते, त्यात गाड्यांचा धूर अडकतो. दुपारी ऊन तापलं की हवा वर चढून मिसळते. म्हणून थंडीच्या दिवसांत मी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्याकडची खिडकी लावून घेते आणि दुपारी घर मोकळं करते. मागच्या गल्लीकडे किंवा चौकाकडे खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान. हवा तिकडूनच घ्या. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवर गाड्यांच्या धुराचा खास प्रभाव बराच ओसरतो, आणि मधे इमारत आली तर त्याहून आधी. 'सफर' किंवा 'समीर' या अ‍ॅपवर रोजचे आकडे मिळतात. ते मुलांकडून वहीत लिहून घ्या, आलेखाचा सराव होतो.

बंद खिडकीतून धूळ येते ती सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या फटींतून. तिथे ब्रशची किंवा रबराची पट्टी बसवून घ्या, काम फार खर्चाचं नाही. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी सगळं बंद करून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावायचे. तो आतली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत येणारच. आमच्याकडे ती रस्त्याकडच्या फटींतून यायची! आता फॅन लावताना मागची खिडकी बोटभर उघडी ठेवते.

फॅन मात्र हवाच. फोडणी, उदबत्ती, धूप हे सगळे घरातले धूरच आहेत. डासांच्या कॉइलबद्दल तर २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं की एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ साधारण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी आणली. देवघरातली उदबत्ती सासूबाईंनी एकावर आणली, वाद न होता, हे विशेष! झाडूऐवजी ओलं फडकं फिरवलं तर बसलेली धूळ पुन्हा उडत नाही.

झाडांबद्दल पालक हमखास विचारतात. १९८९ मध्ये नासाने बंद डब्यांत प्रयोग केले होते, तिथून ही समजूत पसरली. २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं की खिडकी-दारांतून नेहमी होणाऱ्या हवेच्या ये-जा इतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा, प्रसंगी शेकडो झाडं लागतील. मनीप्लांट जरूर लावा, पण आवड म्हणून. स्प्लिट एसीचंही तसंच. तो खोलीतलीच हवा फिरवतो आणि त्याची जाळी जाड धूळच अडवते.

एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर हे गणित वर्गातही घेता येईल. खोली १० × १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर ३४ × ५ = १७०. यंत्रावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, तो ताशी १७० घनमीटर किंवा जास्त हवा. आत खरा हेपा फिल्टर आहे ना, बघा. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो. आणि हेपा कण अडवतो, वायू नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड त्यातून निघून जातो. एकच यंत्र परवडणार असेल तर ते हॉलमध्ये पाहुण्यांसमोर न ठेवता मुलं झोपतात त्या खोलीत ठेवा. फिल्टर बदलण्याचा खर्चही आधीच विचारा.

मुलाला दमा असेल तर यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर घरची हवा सुधारली म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यासाठी तीन पुठ्ठे दिले आहेत: एक फटीजवळ, एक स्वयंपाकघरात, एक तिच्या उशाशी. तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर खिडकीची दिशा आणि मजला लिहून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुठ्ठ्यांची तुलनाच करता येत नाही.