मोबाईलचे ठिकाण कसे ठरते?

नागपूर-जबलपूर महामार्गावर कामठी मागे टाकून कन्हान नदीचा पूल ओलांडला की कन्हान लागते. पूल ओलांडताच तालुकाही बदलतो. नदीच्या अलीकडे कामठी तालुका, पलीकडे पारशिवनी तालुका. परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, हावडा-मुंबई लोहमार्ग येथूनच जातो आणि रामटेकचा फाटाही येथूनच फुटतो. त्यामुळे येथे माणसांची व मालाची वर्दळ अखंड चालू असते. अशा ठिकाणी एखाद्याने संकटात सापडून मोबाईलवरून मदत मागितली, तर तो नदीच्या कोणत्या तीरावर आहे, हे कळणे फार मोलाचे ठरते. अंतर अवघे काही शे मीटरचे असले, तरी मदतीचे वाहन चुकीच्या तीरावर पोहोचल्यास त्याला पुलाचा वळसा घालून यावे लागते.

‘मोबाईलचे लोकेशन मिळाले’ असे आज सर्रास म्हटले जाते. तथापि, हे ठिकाण निरनिराळ्या रीतींनी काढले जाते आणि प्रत्येक रीतीची अचूकता वेगळी असते. एका रीतीने मिळालेले ठिकाण पाच मीटरपर्यंत बरोबर असू शकते, तर दुसऱ्या रीतीने मिळालेल्या ठिकाणात कित्येक किलोमीटरचा फरक पडू शकतो. बोलताना मात्र दोन्हींना ‘लोकेशन’ हा एकच शब्द वापरला जातो. मदतकार्य, गुन्ह्यांचा तपास, पीक पाहणी, शासकीय कामांची छायाचित्रे अशा अनेक बाबतींत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा या शब्दाशी संबंध येतो. म्हणून त्यामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजणीचे जुने तत्त्व

ज्ञात बिंदूंवरून अज्ञात बिंदू शोधून काढण्याची कला विदर्भाला नवी नाही. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन हे नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निधन पावले. त्यांची समाधी तेथेच आहे. एक पायारेषा काटेकोरपणे मोजावयाची आणि तिच्या टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घेऊन त्या खुणेचे स्थान गणिताने काढावयाचे, अशी त्यांची पद्धत होती.

मोबाईलच्या बाबतीत कोनांऐवजी बहुधा अंतरे मोजली जातात. एका ज्ञात बिंदूपासूनचे अंतर कळले, तर अज्ञात बिंदू त्याभोवतीच्या वर्तुळावर कोठेतरी असतो. दुसऱ्या बिंदूपासूनचे अंतर कळले की दोन वर्तुळे सामान्यतः दोन ठिकाणी छेदतात. तिसरे अंतर मिळाले म्हणजे त्या दोहोंपैकी खरा बिंदू कोणता, हे ठरते.

टॉवरवरून मिळणारे ठिकाण

मोबाईल सेवेसाठी प्रदेशाचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा भागास ‘सेल’ म्हणतात. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात व प्रत्येक दिशेचा सेल वेगळा धरला जातो. प्रत्येक सेलला स्वतःचा क्रमांक असतो. मोबाईलवरून बोलणे सुरू झाले की ते कोणत्या सेलमधून होत आहे, याची नोंद कंपनीकडे होते. पोलीस तपासात ज्याला ‘टॉवर लोकेशन’ म्हणतात, ते मुळात एवढेच असते. ती त्या सेलची नोंद असते. त्या क्षणी मोबाईल ज्या जागी होता, ती नेमकी जागा तिच्यात नसते.

सेलचा विस्तार सर्वत्र सारखा नसतो. नागपूरच्या सीताबर्डीसारख्या दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असल्याने एक सेल काही शे मीटरचा असू शकतो. खेड्यापाड्यांत व शेतशिवारात तोच कित्येक किलोमीटर पसरतो. जुन्या जीएसएम पद्धतीत त्याची कमाल मर्यादा साधारणपणे ३५ किलोमीटर आहे.

टॉवर व मोबाईल यांच्यातील अंतराचाही अंदाज घेता येतो. रेडिओ लहरी एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात सुमारे ३०० मीटर जातात. लहर जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून टॉवर हे अंतर ठरवितो. जीएसएम पद्धतीत या मापाची एक पायरी सुमारे ५५० मीटरची, तर चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत सुमारे ७८ मीटरची असते. मात्र डोंगर, इमारती किंवा खाणीतील मातीचे ढिगारे यांवर आपटून लहर वळसा घेऊन आली, तर अंतर प्रत्यक्षाहून अधिक भासते.

मोबाईल नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरशीच जोडला जातो, हा समज सार्वत्रिक आहे. पण तो बरोबर नाही. ज्या टॉवरचा संदेश अधिक स्पष्ट मिळतो, त्याच्याशी मोबाईल जोडला जातो. जवळच्या टॉवरवर गर्दी झाली असेल किंवा मध्ये इमारत असेल, तर दूरचा टॉवर निवडला जातो. नदीच्या रुंद पात्रावर लहरींना अडथळा नसतो. त्यामुळे कन्हानच्या तीरावर उभ्या असलेल्या व्यक्तीचा मोबाईल कामठीच्या बाजूच्या टॉवरवरून चालणे सहज शक्य आहे. तेवढ्या नोंदीवरून ती व्यक्ती कामठी तालुक्यात होती, असे म्हणता येणार नाही.

वाय-फायची खूण

घर, दुकान वा कार्यालय यांतील वाय-फाय यंत्र आपली ओळख सांगणारा संदेश सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रसारित करीत असते. या संदेशात यंत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो. मोबाईलला हा क्रमांक ऐकण्यासाठी त्या वाय-फायशी जोडले जाण्याची किंवा सांकेतिक शब्द देण्याची गरज नसते.

वाय-फाय यंत्राची पोच काही दशक मीटर, फार तर शंभर मीटरच्या आसपास असते. म्हणून ज्याला अमुक यंत्राचा संदेश ऐकू येतो, तो त्या यंत्राच्या जवळच असला पाहिजे. कोणते यंत्र कोठे आहे याचे प्रचंड कोष गूगल, ॲपल यांसारख्या कंपन्यांनी तयार केले आहेत. हे कोष मुख्यतः लोकांच्या मोबाईलवरूनच भरत जातात. रस्त्याने जाणारा मोबाईल उपग्रहावरून आपले स्थान जाणतो आणि आसपासच्या यंत्रांचे क्रमांकही ऐकतो. या दोहोंची सांगड घातली की यंत्राचे ठिकाण कळते. पुढे दुसऱ्या मोबाईलने त्याच यंत्रांची यादी पाठविली, की त्याचे स्थान काही मीटर ते काही दशक मीटर इतक्या अचूकतेने सांगता येते. उपग्रहाचे संदेश न पोहोचणाऱ्या इमारतींत ही रीत विशेष उपयोगी पडते. २००८ च्या आरंभी ॲपलने आयफोनमध्ये ही सोय दिली, तेव्हा त्या फोनमध्ये जीपीएस नव्हते.

ग्रामीण भागात वाय-फाय यंत्रे विरळ असल्याने ही रीत शहराइतकी कामास येत नाही. ग्रामपंचायत किंवा शाळेत वाय-फाय असेल, तर तेच त्या परिसराची खूण ठरते. यंत्र एका इमारतीतून दुसरीकडे हलविले, तर कोषातील नोंद बदलेपर्यंत मोबाईल जुनेच ठिकाण दाखवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

उपग्रहावरून मिळणारे ठिकाण

उपग्रह मोबाईलवर ‘नजर ठेवतात’, ही समजूत चुकीची आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संदेश पाठवितात. मोबाईल ते ऐकून स्वतःचे स्थान स्वतःच काढतो. उपग्रहाला त्या मोबाईलचा पत्ताही नसतो. मोबाईलने काढलेले स्थान एखाद्या ॲपने पुढे पाठविले, तरच ते दुसऱ्यास कळते. आकाश मोकळे असता ही अचूकता सुमारे पाच मीटरपर्यंत येते. घरात, दाट झाडीत अथवा उंच इमारतींच्या गल्लीत ती घटते, आणि भूमिगत खाणीत उपग्रहाचे संदेश पोहोचतच नाहीत.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व त्याबरोबर स्थानाचीही नोंद होते. मोबाईलने उपग्रहाऐवजी टॉवरवरून स्थान घेतले असेल, तर शेतकरी स्वतःच्या गटात उभा असूनही नोंद दुसरीकडची दिसू शकते. अशा वेळी मोकळ्या जागी मिनिटभर थांबून अचूकता सुधारली की छायाचित्र घ्यावे. नोंद जुळली नाही म्हणून शेतकऱ्याला खोटे ठरविण्यापूर्वी कर्मचाऱ्यानेही ही शक्यता पडताळून पाहावी.

संकटकाळातील उपयोग

पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीसाठी देशभर ११२ हा एकच क्रमांक स्वीकारण्यात आला आहे. केंद्र शासनाने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकटकाळी दाबावयाच्या कळीची, तर १ जानेवारी २०१८ पासून उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय आवश्यक करण्यात आली. साध्या मोबाईलमध्ये ५ किंवा ९ ही कळ दाबून धरणे आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याची कळ झटपट तीनदा दाबणे, अशी ही योजना आहे.

तथापि, यंत्रावर पूर्ण विसंबून राहणे योग्य नाही. केंद्राला केवळ टॉवरवरचे ठिकाण मिळाले, तर शोध काही किलोमीटरच्या परिसरात घ्यावा लागतो. म्हणून मदत मागणाऱ्याने तालुका, गाव, नदीचा तीर, महामार्गावरील किलोमीटर दगड, रेल्वे फाटक, शाळा किंवा मंदिर अशी खूण सांगावी. लहान मुलांनाही आपल्या घराजवळची खूण सांगता आली पाहिजे. ‘कन्हान पुलाजवळ’ असे म्हणण्यापेक्षा ‘पुलाच्या पारशिवनी बाजूस’ असे म्हटल्याने मदतीची मोलाची मिनिटे वाचतात.

नेमके स्थान न शोधताही टॉवर लोकांच्या उपयोगी पडतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच व कन्हान नद्यांना आलेल्या पुराचा पारशिवनी, कामठी व मौदा तालुक्यांतील गावांना तडाखा बसला. ठराविक टॉवरच्या क्षेत्रातील सर्व मोबाईलवर एकाच वेळी धोक्याची सूचना देणाऱ्या प्रणालीच्या चाचण्या देशात २०२३ साली झाल्या. या पद्धतीत कोणाचा क्रमांक किंवा नाव माहीत असण्याची गरज नसते. नदीकाठच्या गावांसाठी तिचे महत्त्व उघड आहे.

पुरावा आणि मर्यादा

न्यायालयात टॉवरच्या नोंदीचे महत्त्व आहे. परंतु तिला कायद्याची चौकट आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्र न्यायालयापुढे नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे त्यात स्पष्ट झाले. मोबाईल कंपन्यांनी तपासाशी संबंधित नोंदी सुरक्षित राखाव्यात, असेही निर्देश न्यायालयाने दिले. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून त्याच्या कलम ६३ मध्ये अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे.

प्रमाणपत्रामुळे नोंद पुराव्यात ग्राह्य ठरते. तिचा अर्थ मात्र विचारपूर्वक लावावा लागतो. एखादा मोबाईल अमुक सेलमध्ये होता, एवढ्यावरून तो अमुक घरात होता असे सिद्ध होत नाही. मोबाईल होता म्हणून त्याचा मालकही तेथे होता, असेही नाही. गावात चोरीचा संशय आल्यावर केवळ ‘टॉवर लोकेशन’च्या ऐकीव माहितीवरून कोणाला दोषी ठरविणे हा मोठा अन्याय होय.

माणसाचा मोबाईल कोठे कोठे जातो, हे कळले की त्याचा दवाखाना, देवस्थान, नातेवाईक व सभा हे सारेच कळते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने आरोपीने आपले ठिकाण नकाशावर तपास अधिकाऱ्यास सतत दिसेल असे ठेवावे, ही जामिनाची अट अमान्य केली. कंपनीकडील नोंदी मागण्याचा अधिकार कायद्याने नेमून दिलेल्या यंत्रणेलाच आहे. तो सरपंच, मुख्याध्यापक किंवा कार्यालयप्रमुख यांना नाही. मोबाईल हरवल्यास पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’ या शासकीय सेवेवर त्याचा पंधरा अंकी क्रमांक नोंदवावा, हाच योग्य मार्ग होय.

शाळा व पंचायतीचे काम

हा विषय शिक्षकांना वर्गात सहज समजावून देता येईल. गावाच्या प्रमाणबद्ध नकाशावर शाळा, पंचायत व पाण्याची टाकी हे तीन बिंदू घ्यावेत. एका विद्यार्थ्याने मनात एक जागा धरून तिन्ही बिंदूंपासूनची अंतरे सांगावीत. इतरांनी कंपासने वर्तुळे काढून ती जागा शोधावी. नंतर प्रत्येक अंतरात अर्ध्या किलोमीटरची चूक धरून पुन्हा आकृती काढावी. बिंदूच्या जागी एक मोठा पट्टा उमटेल, आणि टॉवर लोकेशनची मर्यादा मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहील.

पंचायतीने आपल्या हद्दीतील ठळक खुणांची यादी करून ती दर्शनी भागी लावावी. ग्रामसभेत ११२ क्रमांकाची माहिती द्यावी. कोणत्या ॲपला आपले ठिकाण पाहण्याची परवानगी दिली आहे, हे मोबाईलमध्ये तपासण्याची रीतही तरुणांनी वडीलधाऱ्यांना शिकवावी. ‘लोकेशन’ हा शब्द समोर आला की ते कोणत्या रीतीने काढले आणि किती मीटरपर्यंत खरे आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक जबाबदार व्यक्तीने विचारले पाहिजेत. ही सवय लागली, तर संकटातील माणसापर्यंत मदत वेळेवर पोहोचेल आणि निर्दोष माणसावर संशयाचे बालंट येणार नाही.