नव्या घरी आलेले मांजराचे पिल्लू

काशीतील बालाजी घाट हा पंचगंगा घाटाजवळचा एक जुना घाट होय. या घाटापासून दुर्गा घाट व ब्रह्मा घाट यांच्यापर्यंत पसरलेल्या गल्ल्यांत कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. दगडी पायऱ्या, अरुंद बोळ आणि एकमेकींस लागून उभ्या असलेल्या माड्या अशा वस्तीत मांजरांना आडोसाही मिळतो आणि उंदीरही मिळतात. एखाद्या कोनाड्यात मांजरी व्याली, की मुलांना त्याचा सुगावा लागतो व एखादे पिल्लू कोणाच्या तरी घरी येते. त्याच्यापुढे दुधाची बशी ठेवली जाते. पिल्लू ते दूध लपालपा पिते आणि सर्वांना समाधान वाटते. पुढे दोनचार दिवसांत त्याला जुलाब होऊ लागतात, ते कोपऱ्यात निपचित पडते आणि पुष्कळदा दगावते. अशा घरात मायेची उणीव नसते. उणीव असते ती मांजर हा कोणत्या जातीचा प्राणी आहे, या ज्ञानाची.

मांजराचा मूळ स्वभाव

आपले पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराच्या वंशातील आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत मनुष्याच्या शेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली जाहीर करण्यात आले. मनुष्य धान्य साठवू लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर आले, असे सामान्यतः मानले जाते. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहत. मांजराचा पूर्वज मात्र एकट्याने शिकार करी व स्वतःचा प्रदेश वासाच्या खुणांनी ओळखी. पिल्लाच्या संगोपनातील बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात: मांजर हा मांसाहारी शिकारी आहे, आणि परिचित जागा हाच त्याचा मोठा आधार आहे.

पिल्लू उचलण्यापूर्वी

कोनाड्यात एकटे दिसणारे पिल्लू पोरके असतेच असे नाही. मांजरी भक्ष्याच्या शोधात काही तास दूर जाते. पिल्ले स्वच्छ, उबदार व शांत असतील, तर त्यांना हात न लावता दुरून लक्ष ठेवावे. ती सतत ओरडत असतील, अंगाला गार लागत असतील, किंवा पावसाळ्यात गंगेचे पाणी पायऱ्या चढून त्यांच्यापर्यंत येऊ लागले असेल, तरच त्यांना हलवावे.

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचे डोळे उघडतात, चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आईचे दूध सुटते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या काळात ज्या पिल्लाला माणसाचा प्रेमळ स्पर्श घडतो, ते पुढे माणसाळते. म्हणून या काळात ते आईजवळच राहू द्यावे, मात्र रोज थोडा वेळ हळुवारपणे हाताळावे, आणि आठ आठवड्यांनंतर घरी आणावे, हा उत्तम क्रम होय.

खरोखरच पोरके झालेले कोवळे पिल्लू वाढवणे हे कष्टाचे काम आहे. प्रथम त्याला ऊब द्यावी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून अधिक प्रथिने असतात, म्हणून पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावी. दर दोन ते चार तासांनी, पिल्लाला पोटावर ठेवून दूध पाजावे. उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते. तीन आठवड्यांखालील पिल्लाला मलमूत्रविसर्जनही स्वतः करता येत नाही. आई चाटून जे काम करते, ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलके पुसून करावे लागते.

पहिले काही दिवस

नव्या घरातील प्रत्येक वास व आवाज पिल्लाला परका असतो. म्हणून प्रथम सारे घर मोकळे न करता एकच लहान, शांत खोली द्यावी. तिच्या एका टोकाला निजण्याची जागा व अन्नपाणी, तर दुसऱ्या टोकाला मलमूत्राचे खोके असावे. जेथे खाणे तेथेच विसर्जन मांजराला रुचत नाही. निजण्यासाठी आडवे ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके व जुनी चादर पुरते. आईच्या अंथरुणाचा तुकडा मिळाला, तर त्याच्या वासाने पिल्लू लवकर शांत होते. काशीत पौष-माघात थंडी कडक असते; अशा वेळी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवावी.

पिल्लू पलंगाखाली दडले, तर त्याला ओढून काढू नये. मुलांनी जमिनीवर बसून हळू आवाजात बोलावे व त्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली असावा. ते निर्धास्तपणे खाऊ-खेळू लागले, की एकेक दालन उघडावे. गच्ची व खिडक्यांना जाळी हवी. घाटावरील वस्तीत गच्चीवर माकडे, गल्लीत कुत्री आणि आकाशात घारी यांचे भय खरे असते.

मलमूत्राच्या उथळ खोक्यात कोरडी वाळू किंवा माती चार बोटे भरावी. उकरून पुरण्याची वृत्ती पिल्लात उपजतच असते. जेवणानंतर व झोपेतून उठल्यावर त्याला खोक्यात ठेवले, की ते लवकर शिकते. घाण रोज काढावी. चूक झाल्यास मारू नये. मार आणि चूक यांचा संबंध त्याला उमगत नाही, भीती मात्र कायमची राहते.

आहाराचा प्रश्न

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि दूधभात हेच मांजराचे अन्न अशी समजूतही तितकीच रूढ आहे. परंतु दूध सुटल्यानंतर दुधातील साखर पचवणारा पाचक रस पिल्लाच्या आतड्यात कमी कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात आंबते व जुलाब होतात. लहानशा शरीरातील पाणी त्यामुळे झपाट्याने घटते. आरंभी वर्णन केलेल्या मृत्यूंचे एक मोठे कारण हे आहे. पिल्लाला प्यावयास स्वच्छ पाणीच द्यावे.

दूध पचले, तरी दूधभाताने मांजराचे पोषण होत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस व मासे यांतून मिळते, भात-पोळीतून नाही. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्यातील पडदा झिजून अंधत्व येते, हे १९७५ साली दाखवण्यात आले. त्याच अभावाने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली सिद्ध झाले. गाजरासारख्या भाज्यांतील द्रव्यापासून मनुष्य ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो. मांजराला तेही साधत नाही. गोडाची चव ओळखणारी यंत्रणाच त्याच्या जिभेवर निकामी आहे, असे २००५ साली आढळले. फळे-धान्ये हे त्याचे अन्न नव्हे, याचीच ही खूण आहे.

पिल्लांसाठी तयार केलेले, सर्व घटकांनी परिपूर्ण असे विकतचे अन्न हा सर्वांत सोपा मार्ग आहे. घरी शिजवलेली कोंबडी किंवा मासळी द्यावयाची, तर काटे व हाडे काढावीत, मसाला घालू नये, आणि ज्या पाण्यात ती शिजली ते पाणीही द्यावे, कारण टॉरिन त्यात उतरते. मात्र नुसत्या मांसात चुना कमी असतो. म्हणून केवळ त्यावर पिल्लू वाढवू नये. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे अन्न द्यावे.

येथे शाकाहारी कुटुंबापुढे एक खरा पेच उभा राहतो. घरात सामिष अन्न येऊ न देणे हा त्या कुटुंबाचा अधिकार आहे. पण मांजराला शाकाहारी करणे मात्र कोणाच्याही अधिकारात नाही. काही घरे विकतच्या कोरड्या अन्नासाठी वेगळे भांडे व वेगळी जागा ठेवून हा पेच सोडवतात. तेही मान्य नसेल, तर पिल्लू घरी न आणता दुसरे योग्य घर पाहणे हीच त्याच्यावरील खरी दया होय.

रोग व धोके

पिल्लाच्या पोटात बहुधा जंत असतात. पोट फुगलेले व अंग वाळलेले हे त्याचे लक्षण. जंतांचे औषध पशुवैद्याकडून वजनानुसार घ्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, चौथा महिना पुरा होईपर्यंत, मांजरांच्या साथीच्या रोगांवरील लस टोचतात. रेबीज म्हणजे अलर्क रोगाची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. अनोळखी मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून थांबू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

माणसाच्या शरीरात सहज निकामी होणारी काही द्रव्ये मांजराचे यकृत निकामी करू शकत नाही. म्हणून तापावरील पॅरासिटामॉल त्याला विषासमान आहे. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर चालून पंजे चाटणेही त्याला घातक ठरते. कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशी नष्ट करतात. कुत्र्याच्या पिसवांचे औषध तर मांजराला कधीही लावू नये. त्यातील पर्मेथ्रिनने झटके येऊन मृत्यू येतो.

मांजरी पाचव्या-सहाव्या महिन्यातच गाभण राहू शकते व सुमारे नऊ आठवड्यांनी विते. तत्पूर्वी संतती थांबवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली नाही, तर घाटावरील कोनाड्यांत आणखी बेवारस पिल्लांची भर पडते.

चांगले सांभाळलेले घरातील मांजर पंधरा वर्षे सहज जगू शकते. आज पिल्लू उचलणारा दहा वर्षांचा मुलगा तोवर पंचविशीचा झालेला असेल. म्हणून ते ओच्यात घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टींचा विचार करावा: त्याला त्याचे अन्न देता येईल काय, आजारात पशुवैद्याकडे नेता येईल काय, आणि त्याला आयुष्यभर जागा देता येईल काय. तिन्हींचे उत्तर होय असेल, तर पिल्लाला घर मिळाले असे समजावे. एकाचेही उत्तर नाही असेल, तर पिल्लाला त्याच्या आईपाशी राहू द्यावे.