जुन्या मनगटी घड्याळाची पारख

केवळ वय झालें म्हणजे मनगटी घड्याळ संग्राह्य ठरतें, असा पुष्कळांचा समज असतो. पंचवीस-तीस वर्षांची मर्यादा संग्राहक धरतात खरे. परंतु मूळपण हीच खरी कसोटी होय, असें आम्हांस वाटतें.

बंगळूर येथें १९६१ सालीं जपानी सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें निघालेल्या एच. एम. टी. कारखान्याचें 'जनता' घड्याळ घ्या. रोज किल्ली द्यावयाची, आंत १७ खडे. तें आतां निघत नाहीं. म्हणून कित्येक विक्रेते जुनी तबकडी पुसून तिजवर भडक रंग चढवितात. असें घड्याळ वेळ बिनचूक दाखवील, पण त्याचें मोल गेलें! डागाळलेली मूळ तबकडी त्याहून शतपट बरी. अक्षरें भिंगाखालीं पाहावीं. कडा फुटलेल्या दिसल्या कीं संशय घ्यावा.

त्याहून जुन्या घड्याळांच्या कांट्यांस रेडियम लावीत. रेडियम अर्धें होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. परंतु त्याच्या किरणांनीं सोबतचें जस्ताचें संयुग कांहीं दशकांतच निकामी होऊन प्रकाश विझतो. सबब सत्तर वर्षांचें घड्याळ अंधारांत लखलखूं लागल्यास तो लेप मागाहून दिलेला समजावा. मात्र परीक्षेसाठीं तो कोणीं खरवडूं नये. प्रकाश विझला तरी विष कायम असतें.