दप्तरावरचं नाव
आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



सतराव्या अध्यायात भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी-काळी, पात्र माणसाला दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. चुकीच्या ठिकाणी, अवेळी, अपात्राला दिलेलं ते तामस. इथपर्यंत सोपं आहे. पण बाविसाव्या श्लोकात आणखी एक खूण येते: मान न राखता, तुच्छ लेखून दिलेलं. म्हणजे पैसे खरे, घेणाऱ्याची गरजही खरी, तरी दान तामस होऊ शकतं!

हे मला उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून रत्नागिरीजवळच्या एका शाळेत दप्तरं वाटली. दप्तरांवर आमच्या ग्रुपचं नाव छापलं होतं. मुलांना ओळीत उभं करून फोटो काढले, स्टेटसला टाकले. गणपतीला घरी आलो तेव्हा बाजारात त्यातलंच एक दप्तर दिसलं. त्या मुलानं आमच्या नावावर चिकटपट्टी लावली होती. खरं सांगतो, मला राग आला. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझ्या शर्टावर 'अमक्याने दिला' असं छापलं तर तू घालशील काय रे?"

त्यानंतर पतितपावन मंदिरात गेलो तेव्हा भागोजीशेठ कीरांचा विचार डोक्यातून जाईना. भागोजीशेठ आपल्या रत्नागिरीचे, भंडारी समाजातले. गरिबीतून वर आले आणि मुंबईत बांधकामाच्या धंद्यात पैसा कमावला. दादरच्या शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्या काळी जातीमुळे कित्येकांना देवळाच्या पायरीवरही चढू देत नसत. १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी आणि १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावे लागले. त्याच सुमारास सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराला भागोजीशेठांनी पैशाचं बळ दिलं आणि मंदिर उभं राहिलं. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी ते सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं.

विचार करा, देवळाबाहेर उभ्या असलेल्यांना भागोजीशेठ धान्य, कपडे वाटू शकले असते. लोकांनी दुवा दिला असता, पण ती माणसं बाहेरच राहिली असती. त्यांनी आत यायची वाट करून दिली. एका देवळानं जातिभेद संपला नाही, हे आपण सगळे जाणतो. पण आत आलेला माणूस कुणाचा याचक नव्हता, इतरांसारखाच भक्त होता.

अजून एक गोष्ट. नुसत्या पैशानंही हे झालं नसतं. वस्तीवस्तीत जाऊन समजूत घालणारे, सहभोजनाच्या पंगतीत शेजारी बसणारे लोक होते म्हणून त्या वास्तूला अर्थ आला. आजच्या गावातल्या संस्थांचंही तसंच आहे. उद्घाटनाला देणगीदार मिळतो, पण लाइट बिल, भाडं, कार्यकर्त्याचा पगार यांना कोणी मिळत नाही. त्यावर नाव छापता येत नाही ना!

यंदा आम्ही त्याच शाळेत आधी फोन करून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" बाई म्हणाल्या, "पाण्याचा पंप बंद आहे. स्वच्छतागृहात पाणी नाही, म्हणून मोठ्या मुली दुपारीच घरी जातात." आम्ही दोन वर्षं दप्तरांच्या रंगावर चर्चा करत होतो! पंप बसला. फोटो नाही काढला.

'पात्र' हा शब्द वाचला की आपण घेणाऱ्याला तपासायला लागतो. बाविसावा श्लोक मात्र देणाऱ्यालाही तपासतो.

आज एवढं करून बघूया:
१. आपल्या गावातल्या एका संस्थेला फोन करून गरज विचारूया. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.
२. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी देऊया.
३. देताना स्वतःला विचारूया: हेच मला असं कोणी दिलं असतं, तर मी मान वर करून घेतलं असतं का?

देवा, हातून दान घडू दे, आणि घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी 🙏